घाम थांबल्याशिवाय गाडीला किक मारू नका

प्रश्न : ताई, मी धुळ्याचा. वय 52, कापडाचं दुकान आहे. बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठीक. मुलगी पुण्यात नोकरीला असते. तिने वाढदिवसाला इथल्या नव्या हेल्थ क्लबची वर्षाची मेंबरशिप भरून दिली. तिथे सॉना आहे, म्हणजे कोरड्या उष्णतेत बसून घाम काढायची लाकडी खोली. व्यायाम झाला की आम्ही चार-पाच मित्र आत जाऊन बसतो, जो जास्त वेळ टिकेल त्याला बाकीच्यांनी नाश्ता द्यायचा अशी पैज असते. बाहेर आलं की अंग पुसायचं, शर्ट चढवायचा आणि दुकान उघडायची घाई म्हणून लगेच मोटारसायकलवर घर गाठायचं. या महिन्यात दोनदा असं झालं की घरी येऊन बूट काढायला वाकलो आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. एकदा तर भिंत धरावी लागली. एक मित्र म्हणतो, बाहेर आल्याबरोबर बर्फाच्या पाण्यात बसायचं असतं, फिनलंडवाले तेच करतात, रील बघ. आई म्हणते, ‘तपेल खापरवर पानी टाकं ते तडकी जास, मानूस बी तसाच.’ मी कुणाचं ऐकू? आणि आपल्या खानदेशात, तेही एप्रिलमध्ये, या सॉनाचा काही उपयोग तरी आहे का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : भाऊ, आधी ती पैज बंद करा. बाकीचं सगळं नंतर बोलू. ज्या फिनलंडचं नाव तुमचा मित्र घेतो, तिथेच हेनोला नावाच्या गावात सॉनामध्ये जास्तीत जास्त वेळ बसण्याची जागतिक स्पर्धा भरायची. 2010 साली अंतिम फेरीत 110 अंशांच्या खोलीत शेवटपर्यंत टिकलेल्या दोघांपैकी एक जण मरण पावला, दुसरा गंभीर भाजला. ती स्पर्धा त्या वर्षी बंद पडली ती कायमची. सॉना ज्यांच्या रक्तात आहे त्यांच्याकडे हे घडलं. आपण तर नाश्त्यासाठी बसतोय.

आता तुमची अंधारी. तुम्हाला वाटतंय की हा आतल्या उष्णतेचा त्रास आहे. पण लक्षात घ्या, आत असताना तुम्हाला काहीच झालं नाही. दार उघडून बाहेर येताना झालं नाही. घरी पोचल्यावर झालं. म्हणजे गडबड आतल्या दहा-पंधरा मिनिटांत कमी आणि नंतरच्या अर्ध्या तासात जास्त आहे.

सॉनात वरच्या फळीवर 80-90 अंश तापमान असतं. हवा कोरडी असते म्हणून सोसतं, नाहीतर क्षणभर थांबवलं नसतं. त्या उष्णतेत कातडी 40 अंशांपर्यंत तापते. शरीराकडे ती उष्णता बाहेर टाकायचा एकच मोठा मार्ग असतो : कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या सताड उघडायच्या, रक्त तिकडे वळवायचं आणि घाम काढायचा. एरवी हृदय जेवढं रक्त फेकतं त्यातलं जेमतेम पाच-दहा टक्के कातडीला मिळतं. सॉनात हा वाटा निम्म्याच्या वर जातो. नाडी मिनिटाला 100 च्या पुढे, कुणाकुणाची 150 पर्यंत जाते. बसल्या जागी शरीर जिना चढत असतं म्हणा. आणि एका बैठकीत साधारण अर्धा लिटर घाम निघून जातो.

दार उघडून तुम्ही बाहेर आलात म्हणजे हे सगळं बटण दाबल्यासारखं बंद होत नाही. रक्तवाहिन्या उघड्याच राहतात, घाम चालूच राहतो, आतली उष्णता बाहेर पडायला वेळ घेते. अशा वेळी माणूस उभा राहिला की रक्त पायांकडे ओढलं जातं आणि डोक्याला कमी पडतं. तुमच्या बाबतीत तर तीन गोष्टी एकावर एक चढल्या. व्यायामानंतर काही वेळ बीपी तसंही उतरलेलं असतं. त्यावर सॉनाने ते आणखी उतरवलं. आणि सकाळी चहाबरोबर घेतलेली गोळी तेच काम करत होती, कारण ती त्यासाठीच आहे. मग तुम्ही वाकलात आणि झटक्यात उठलात. अंधारी आली नसती तरच नवल.

यात आपल्या हवेचा एक डाव आहे, तो बाहेरगावच्या डॉक्टरांना सांगावा लागतो, तुम्हाला नुसती आठवण करून देते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे घाम दिसत नाही. मुंबईचा पाहुणा इथे येऊन म्हणतो, ‘ऊन कडक आहे, पण घाम नाही येत बुवा!’ येतो की. पण हवा इतकी कोरडी असते की तो कातडीवर थांबतच नाही, निघाला की उडाला. संध्याकाळी काळा शर्ट काढून बघा, पाठीवर मिठाची पांढरी रेघ असते. सॉनातून बाहेर येऊन तुम्ही अंग पुसलंत, कोरडं वाटलं, शर्ट घातलात आणि समजलात की घाम थांबला. तो थांबलेला नव्हता. दहाच्या उन्हात गाडीवर, हेल्मेटमध्ये डोकं, समोरून झळा. घाम निघत होता आणि वारा तो पळवत होता. घरी पोचेपर्यंत शरीरातलं पाणी आणखी कमी झालं होतं. पाणी प्यायल्याचा उल्लेखही तुमच्या पत्रात कुठे नाही.

फिनलंडकडे येते, कारण मित्राने तिथलं अर्धंच पाहिलंय. तो देश जेमतेम 55 लाख लोकांचा आणि तिथे सॉना आहेत सुमारे 30 लाख. घराघरात, शेतावर, तळ्याकाठी. 2020 साली युनेस्कोने त्यांची सॉना संस्कृती अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्यांच्याकडे गार होणं हा सॉनाचाच भाग असतो. थोडा वेळ आत, मग बाहेर पडवीत टॉवेल गुंडाळून निवांत बसायचं, वाटलं तर तळ्यात उतरायचं, पाणी प्यायचं, अंग निवलं की पुन्हा आत. कुणी दोन फेऱ्या करतो, कुणी तीन. घाईने उठून कामाला जायचा तो कार्यक्रमच नव्हे. रीलमध्ये दिसतं ते गोठलेल्या तळ्याला पाडलेलं भोक आणि त्यात उतरणारा माणूस. अर्धा तास पडवीत गप्पा मारत बसलेल्या माणसाची रील कोण बघणार?

आणि मुख्य म्हणजे तिथे बाहेरची हवाच अर्धं काम करते. हिवाळ्यात शून्याच्या खाली, उन्हाळ्यातही साधारण वीसच्या आसपास. दार उघडलं की गारवा फुकट. आपल्या कातडीचं नेहमीचं तापमान 33-34 अंश. बाहेरची हवा त्याहून थंड असेल तर उष्णता अंगातून हवेत जाते. बाहेर 42 असेल तर हवा उलट तुम्हालाच तापवते. म्हणजे एप्रिलमध्ये धुळ्यात सॉनातून बाहेर पडून रस्त्यावर येणं म्हणजे एका भट्टीतून दुसऱ्या, जरा कमी तापलेल्या भट्टीत येणं. फिनलंडच्या माणसाला जे निसर्ग देतो ते आपल्याला पंखा, पाणी आणि सावली यांनी मुद्दाम करावं लागतं. तुम्ही नेमका तोच भाग गाळलात.

आता आई की मित्र? सल्ला आईचा बरोबर, कारण मात्र वेगळं. शरीर खापरासारखं तडकत नाही. तापल्या अंगावर एकदम बर्फाचं पाणी पडलं की श्वास अडकतो, मग भराभर चालू लागतो. उघडलेल्या रक्तवाहिन्या एका क्षणात आवळतात आणि बीपी उसळतं. अंगावरचा गारठा हृदयाला पळायला सांगतो, तोंडावरचं गार पाणी त्यालाच थांब म्हणतं. पंचविशीतल्या धडधाकट, सवय असलेल्या पोराला हे पेलतं, त्याला मजाही येते. त्याला मी अडवणार नाही. पण 52 वर्षांच्या, बीपीच्या गोळीवर असलेल्या माणसाने रील बघून हे करू नये. तुमच्या हृदयाची तपासणी झाली आहे की नाही, हेही मला पत्रातून कळत नाही.

गंमत म्हणजे आईच्या बाजूने बोलायला एक फार जुना साक्षीदार आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला चौदावा अध्याय घाम काढण्याच्या उपचारांवर आहे. त्यात अग्नीच्या मदतीने घाम काढायचे तेरा प्रकार सांगितलेत आणि त्यातला जेंताक हा प्रकार वाचला तर तुमच्या क्लबचा नकाशाच समोर येतो. मातीची गोल खोली, मधे विस्तव, भिंतीला लागून बसायचा ओटा. आतल्या माणसाला बजावलंय की घेरी आली तरी ओटा सोडू नकोस, त्याच्याच आधाराने दारापर्यंत ये, नाहीतर दार सापडणार नाही. आणि बाहेर आल्यावर? एकदम थंड पाण्याला जायचं नाही. ताप आणि थकवा उतरू द्यायचा, थोड्या वेळाने सोसेल अशा कोमट पाण्याने अंघोळ करायची, मग जेवायचं. तिथे डोळे जपायचे म्हणून गार पाणी वर्ज्य केलंय, आपण आज बीपीचं कारण देतो, पण क्रम तोच : आधी थांबा, मग कोमट.

‘कोमट’ या गोष्टीचं आपल्याकडे ऋतूप्रमाणे वेगळंच गणित असतं. एप्रिलमध्ये सकाळी गच्चीवरच्या टाकीचं पाणी आपोआप कोमट असतं, दुपारी बारानंतर तर त्याने हात भाजतो. तेव्हा उन्हाळ्यात सकाळच्या वेळी नळाचं पाणी तुम्हाला चालेल, त्यात धोका नाही. पण हेच जानेवारीत करू नका. धुळ्याचा पारा तेव्हा दहाच्या खाली येतो आणि काळ्या टाकीत रात्रभर गारठलेलं पाणी सकाळी सातला जवळपास फ्रिजमधल्या बाटलीसारखं असतं. उन्हाळ्यात ‘साध्या पाण्याने करतो’ म्हणणारा माणूस हिवाळ्यात त्याच नळाखाली, त्याच सवयीने उभा राहतो आणि दचकतो. तेव्हा गरम पाणी मिसळायलाच हवं.

आता नेमकं काय करायचं ते सांगते. आत वरच्या फळीवर बसत असाल तर शेवटची दोन मिनिटं खालच्या फळीवर या, पाय खाली सोडून बसा. पोटऱ्या जरा हलवा, पावलं वरखाली करा. त्याने पायात साचलेलं रक्त वर चढतं. मग दाराची चौकट धरून सावकाश उठा. बाहेर आल्यावर शॉवरकडे नाही, कपड्यांच्या कपाटाकडे तर अजिबात नाही, समोर जे बाक किंवा खुर्ची असेल तिथे बसा. पंख्याखाली. अंग पुसून कोरडं करू नका, घाम आणि पाणी अंगावर असू द्या, पंख्याच्या वाऱ्याने तेच उडून गारवा देतं. कूलरची ओली गवताची जाळी जे काम करते तेच इथे तुमची कातडी करतेय. (पावसाळ्यात दमट हवेत जसा कूलर निकामी होतो तसंच याचंही होतं, मग बसायचा वेळ वाढवायचा.) असं पाच-सात मिनिटं बसलात की पाणी घ्या. आधी पावलांवर, मग गुडघ्यांपर्यंत, मग हात, पाठ, आणि डोकं शेवटी. मग पुन्हा बसा.

किती वेळ, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारणार हे मला ठाऊक आहे. जेवढा वेळ आत, किमान तेवढा बाहेर, आणि तुमच्यासाठी वीस मिनिटांच्या खाली नको. घड्याळापेक्षा खूण बघा. कपाळ पुसा, पंख्यापासून जरा दूर व्हा आणि दोन मिनिटं थांबा. कपाळ पुन्हा ओलं झालं तर शरीराचं काम अजून चालू आहे. मनगटावर नाडी मोजा. सकाळी उठल्यावर जी असते तिच्या जवळपास आली की मग शर्ट घाला. शर्ट घातल्यावर पाठीला चिकटला तर तुम्ही घाई केलीत, इतकं सोपं आहे.

पाण्याचा अंदाज क्लबमधल्या वजनकाट्यावर घ्या. आत जाण्याआधी आणि बाहेर बसून अंग निवल्यावर, कोरड्या अंगाने. अर्धा किलो उतरला असेल तर अर्धा लिटर पाणी गेलंय, ते घोट घोट करून परत द्यायचं. गटागटा एका दमात नको, मळमळतं. माठातलं पाणी उत्तम. कैऱ्यांचे दिवस आहेत, पातळ पन्हंही चालेल. ताक चांगलंच, पण बीपी आहे तर मिठाची चिमूट लहान ठेवा. आणि तो उतरलेला अर्धा किलो म्हणजे चरबी नव्हे. तांब्याभर पाण्याने तो परत येतो आणि यायलाच हवा. कुणी क्लबमध्ये ‘सॉनाने वजन उतरतं’ असं सांगून जादा पैसे घेत असेल तर त्याला हे ऐकवा. बीअरबद्दल मी लिहिणार नव्हते, पण चार-पाच मित्र आणि पैज म्हटल्यावर लिहिते : सॉनाच्या आधी नाही, नंतर लगेच नाही.

व्यायाम आणि सॉना यांच्यामध्येही थोडी फट हवी. ट्रेडमिलवरून उतरून थेट आत जाऊ नका. दहा मिनिटं सावकाश चाला, बसा, पाणी प्या. बऱ्याच क्लबमध्ये सॉनाची वेळ वाटून दिलेली असते, पुढचा माणूस दारात उभा असतो, म्हणून आपण आतला वेळ पुरेपूर वसूल करतो आणि बाहेरचा वेळ गाळतो. हिशेब उलटा करा. वेळ कमी असेल तर आतली मिनिटं कापा, आठ मिनिटं खूप झाली. बाहेरची कापू नका.

आईच्या खापराबद्दल एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी, कारण हाच नियम चुकीच्या जागी लावला तर जीव जातो. उष्माघात. सॉनात असो की मे महिन्याच्या दुपारी शेतात, माणूस तापून असंबद्ध बोलायला लागला, ओळखेनासा झाला, झोकांड्या खाऊ लागला, शुद्ध हरपली, अंग हाताला चटका बसेल इतकं गरम लागलं, तर तिथे ‘तापल्या अंगावर पाणी नको’ म्हणून थांबायचं नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, मिळेल ते गार पाणी ओता, ओली चादर टाकून वारा घाला, बर्फ असेल तर काखेत, मानेला, जांघेत लावा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. 108 ला फोन करा, पण गाडी येईपर्यंत गार करणं थांबवू नका. सॉनातून स्वतःच्या पायांनी बाहेर आलेला, नीट बोलणारा माणूस आणि उष्माघात झालेला माणूस यांत हा फरक आहे. पहिल्याला सावकाश गार करायचं, दुसऱ्याला एक मिनिटही न दवडता. आपल्या जिल्ह्यांत दर उन्हाळ्यात हा नियम नको तिथे पाळला जातो, कांदा हुंगवत बसतात आणि पाणी ओतायला घाबरतात. आईंना हे समजावून सांगा, त्यांना पटेल.

तुमचा शेवटचा प्रश्न मला आवडला. खानदेशात याचा उपयोग काय? पूर्व फिनलंडमधल्या मध्यमवयीन 2315 पुरुषांचा वीस वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केलेला एक अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा सॉना घेणाऱ्यांपेक्षा चार ते सात वेळा घेणाऱ्यांत अचानक हृदय बंद पडून होणारे मृत्यू कमी दिसले. क्लबवाले याच अभ्यासाच्या जोरावर बोलतात. पण त्यात ‘कमी दिसले’ एवढंच सिद्ध होतं, सॉनामुळेच कमी झाले असं नाही. रोज सॉनाला जायला ज्याला फुरसत आणि ताकद आहे तो माणूस मुळातच बरा असू शकतो. शिवाय ती माणसं जन्मापासून त्यात वाढलेली, आणि बाहेर पडली की गारव्यात. आपण 42 अंशांत राहून, रात्री गच्चीवर पाणी शिंपडून झोप काढणारी माणसं. एप्रिल-मेमध्ये आपलं शरीर उष्णता बाहेर टाकायचं काम दिवसभर करतच असतं, रात्रीही त्याला धड विसावा नसतो. त्याच्यावर आणखी ओझं कशाला?

माझं मत विचाराल तर एप्रिलच्या मध्यापासून मृग लागून हवा निवेपर्यंत सॉनाला सुट्टी द्या. व्यायाम चालू ठेवा, सकाळी लवकर. मग पुन्हा सुरू करा, दिवाळीनंतर थंडी पडली की मजाही खरी येईल. क्लबवाल्याला विचारून पाहा, वर्षाच्या मेंबरशिपमधून एवढे दोन महिने पुढे ढकलून देतात का. आणि सुट्टी द्यायची नसेलच, मुलीने प्रेमाने दिलंय म्हणून मन होत नसेल, तर निदान संध्याकाळी ऊन उतरल्यावर जा, आठवड्यातून एकदा-दोनदा, आठ मिनिटं, आणि येताना गाडीवर मागे बसून या, चालवायला दुसरा कुणीतरी असू द्या.

पण त्याच्याही आधी, दोनदा अंधारी आली आहे तर तुमच्या डॉक्टरांना भेटा. सॉनाचं त्यांना स्पष्ट सांगा, एरवी ते विचारणार नाहीत. बीपी बसून एकदा आणि उभं राहून एकदा मोजायला सांगा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, अर्धी करू नका. लघवी वाढवून बीपी उतरवणाऱ्या गोळ्या असतात, त्यांच्यावर असलेल्या माणसाचं पाणी सॉनात आणखी झपाट्याने कमी होतं. नाडी संथ ठेवणाऱ्या गोळ्या असतात, त्यांच्यावर असाल तर मी वर सांगितलेली नाडीची खूण तुम्हाला फसवेल. छातीत दाटलं, धडधड थांबेना, किंवा पुन्हा अंधारी आली तर सॉनाचा विषय तिथेच संपला, ईसीजी काढल्याशिवाय पुन्हा आत जायचं नाही. तुमच्या गोळीचं नाव पत्रात नव्हतं. डॉक्टरांकडे जाताना पाकीट सोबत न्या.